भारी पाने केव्हा टाकावीत?

पत्त्यांच्या खेळात हलकी पाने टाकून देण्यास फारसे शहाणपण लागत नाही. दुर्री, सत्ती आणि नव्वी हाती आली, तीही तीन वेगवेगळ्या रंगांची, तर नवशिक्याही मुकाट्याने पाने पालथी घालतो आणि पुढच्या वाटपाची वाट पाहतो. त्याचे नुकसान होते ते सुरुवातीच्या चार-दोन रुपयांचे. माणसे बुडतात ती चांगल्या पानांवर. ज्या पानांकडे पाहून छाती फुगते, जी पाने तासाभरात एकदाच वाट्याला येतात, ती दुसऱ्याच्या त्याहून चांगल्या पानांपुढे पडतात तेव्हाच घर हलते. म्हणून या खेळातील खरी परीक्षा भारी पाने टाकण्याची आहे, आणि ही परीक्षा पत्त्यांच्या चटईपुरती मर्यादित नाही.

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीत आलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवाळीत एका गोष्टीचे नवल वाटते. आपल्याकडे दिवाळी म्हणजे अभ्यंगस्नान, फराळ आणि मुलांनी मातीत उभे केलेले किल्ले. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात मात्र दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे घरोघरी ‘ताश’ मांडला जातो. एरवी पैशाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असणारे गृहस्थही त्या दिवसांत तीन पत्तीला बसतात. लक्ष्मीचे स्वागत म्हणून खेळायचे, असा समज. पोकर हा याच कुळातला, पण अधिक हिशेबी खेळ. त्याचे पंथी या भागात गेल्या दोन दशकांत बरेच वाढले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, त्यांत पोकर आणि रमीही आले, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आणि अशा खेळांचे पैसे वळते करण्यास बँकांनाही मनाई केली. तेव्हा येथे जुगाराची भलामण करण्याचा हेतू नाही, हे उघड आहे. खेळ बाजूला ठेवला तरी त्यामागचा हिशेब उरतो, आणि तो बँकेच्या खातेदाराला व कर्मचाऱ्याला दोघांनाही उपयोगी आहे.

तीन पत्तीचेच उदाहरण घ्यावे. ५२ पानांतून तीन पाने एकूण २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १,०९६ प्रकार ‘कलर’चे, म्हणजे तिन्ही पाने एकाच रंगाची. वीस डावांत एखादा डाव असा येतो. तो आला की खेळणारा सरसावून बसतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु कलरच्या वर सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल मिळून ८२० प्रकार आहेत. सहा जण खेळत असतील तर उरलेल्या पाच जणांपैकी कोणा एकाकडे तरी यांपैकी काही असण्याचा संभव सुमारे सहात एक इतका निघतो. हा हिशेब कोणी एकही चाल खेळण्याआधीचा. ज्याने संध्याकाळभर जपून पाने टाकली तोच शेजारी आता पाने पाहून एकामागून एक चाली लावू लागला, तर तो सहात एक राहत नाही. हातातील कलर तोच असतो, त्याची किंमत मात्र समोरच्या प्रत्येक चालीगणिक उतरत जाते.

पोकरमध्ये ही गोष्ट अधिक ठळक दिसते. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात. दोन एक्के ही सर्वोत्तम सुरुवात, २२१ वाटपांत एकदा येणारी. समोर एकच खेळाडू शेवटपर्यंत राहिला तर हे एक्के शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतात. समोर नऊ जण राहिले तर मात्र शंभरात ३१ वेळांच्या आसपास. दोन्ही वेळा पाने तीच आणि धरणाराही तोच. पान भारी आहे की नाही हे पानावर लिहिलेले नसते. समोर किती जण आहेत, ते काय करीत आहेत आणि मध्ये कोणती पाने उघडली आहेत, यावर ते ठरते.

मग माणूस पाने टाकत का नाही? याचे नेहमी दिले जाणारे उत्तर ‘लोभ’ असे आहे, आणि ते अपुरे आहे. लोभी माणूस निदान पुढे मिळणाऱ्या पैशाकडे पाहतो. पाने न टाकणारा बहुधा मागे पाहत असतो: आतापर्यंत इतके घातले, ते वाया कसे जाऊ द्यायचे? वास्तविक एकदा मध्ये टाकलेला पैसा टाकणाऱ्याचा राहिलेला नसतो. तो डावाचा झालेला असतो. मध्ये ४,००० रुपये जमले आहेत आणि शेवटच्या मागणीस उत्तर देण्यासाठी आणखी १,००० हवे आहेत, असे समजू. पाचांत एकाहून अधिक वेळा जिंकण्याची शक्यता असेल तर द्यावेत, कमी असेल तर पाने टाकावीत. त्या ४,००० पैकी आपण घातलेले किती आणि दुसऱ्याचे किती, हा प्रश्न या हिशेबात कोठेच येत नाही. गणिताला तो लागत नाही. मनाला मात्र तोच एक प्रश्न दिसत असतो.

ही खोड बँकेच्या दाराशी रोज येते. शेअरचा भाव पडला की ‘सरासरी खाली आणण्यासाठी’ आणखी शेअर घेणारा ग्राहक, बंद पडत चाललेल्या दुकानात मुलीच्या लग्नाची ठेव मोडून घालणारा दुकानदार, ही काही मूर्ख माणसे नसतात. कंपनी खरोखरच चांगली होती, दुकान खरोखरच चांगले चालत होते. पाने भारी होती! हलक्या कंपनीचे शेअर त्यांनी केव्हाच विकून टाकले असते. कर्ज देणारा अधिकारीही यातून सुटत नाही. जुने हप्ते भरता यावेत म्हणून त्याच कर्जदाराला नवे कर्ज देण्याचा मोह ज्याने अनुभवला नाही असा शाखाधिकारी विरळा. यासाठीच रिझर्व्ह बँकेने अनुत्पादक कर्ज ठरविण्याची मुदत आखून दिली. ३१ मार्च २००४ रोजी संपलेल्या वर्षापासून ती ९० दिवसांची झाली, त्यापूर्वी दोन तिमाहींची होती. या नियमाला अनेक जण आजही जाचक म्हणतात. त्यातील जाच हाच त्याचा गुण आहे. एक्क्याण्णवाव्या दिवशी कर्जदाराचा चेहरा, त्याचा जुना व्यवहार आणि अधिकाऱ्याची आशा यांपैकी कशाचीही मोजदाद होत नाही. डाव सोडण्याची वेळ डाव रंगात येण्याआधीच ठरलेली असते. डाव रंगल्यावर ती ठरविणे फार थोड्यांना साधते, आणि ज्यांना साधत नाही त्यांत मोठमोठे सेनापतीही आहेत.

राजधानी क्षेत्रात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. दिल्लीहून उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेला पानिपत जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. तेथे ‘काला आंब’ या स्मारकापाशी १४ जानेवारीला मराठी मंडळी जमतात. पानिपतावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या लढाईवर लिहिले गेले असेल. त्यातील बहुतेक लेखनाचा रोख १४ जानेवारी १७६१ या एका दिवसावर असतो: दुपारपर्यंत डाव आपल्याकडे होता, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, होळकर थांबले असते तर. डाव सोडण्याच्या दृष्टीने पाहिले तर हा दिवस गौण ठरतो. त्या दिवशी सोडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

सदाशिवरावभाऊंच्या हाती पाने हलकी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला होता. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ बरोबर होते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत वितळवून खर्चासाठी पैसा उभा करावा लागला, ही गोष्ट मात्र तेव्हाच काही सांगत होती. छावणीत लढवय्यांबरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता. तो आणि जड सामान मागे सुरक्षित जागी ठेवून मोकळ्या फौजेने लढावे, असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटाने दिल्याचे सांगतात. सल्ला मानला गेला नाही आणि सूरजमल दिल्लीहूनच परत गेला. खेळातून एक भिडू उठून गेला होता.

पुढे १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. धान्य मिळाले, खजिना मिळाला, दत्ताजी शिंद्यांचा सूड उगवला गेला. यमुना पुराने भरलेली होती आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर अडकून पडला होता. पाने इतकी चांगली यापूर्वी कधीच दिसली नव्हती. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच, २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दालीने बागपतजवळ ती भरली यमुना ओलांडली. माणसे वाहून गेली तरी ओलांडली, आणि तो भाऊ व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

पत्ते खेळणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. समोरच्याची ही चाल हुलकावणीची आहे काय? पुराच्या नदीत आपली माणसे घालणारा, आपलाही परतीचा रस्ता शत्रूच्या पाठीशी गेलेला पाहूनही पुढे येणारा माणूस हूल देत नसतो. ज्या क्षणी ती फौज अलीकडच्या काठावर आली त्या क्षणी कुंजपुऱ्याचा विजय, तोफखाना आणि दिल्लीचा ताबा या सर्वांची किंमत बदलली. पाने तीच होती, डाव वेगळा झाला होता.

नोव्हेंबरच्या आरंभी भाऊंनी पानिपतला खंदक खणून तळ दिला. तेव्हा तोफखाना अभंग होता, घोड्यांच्या अंगावर मांस होते, आणि शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने तहाची बोलणी होऊ शकत होती, ती झालीही. अब्दालीला हिंदुस्थानात राहायचे नव्हते. त्याचे सरदार घरी जाण्यास उत्सुक होते. नजीबखानाचा तहाला कडवा विरोध होता हे खरे. तरीही नोव्हेंबरमध्ये देऊ केलेला तह आणि जानेवारीत मागितलेला तह यांत फरक असतो. नोव्हेंबरमधील माणसाला काही तरी सोडून देता येते, जानेवारीतील माणसाकडे सोडण्यासाठी फक्त स्वतःचा जीव असतो. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून रसद मिळण्याची आशा संपली. प्रत्येक दिवसाबरोबर डावात आणखी काही घातले जात होते आणि ‘इतके घातले’ हे वाक्य प्रत्येक दिवशी अधिक वजनदार होत होते. अखेर उपाशी फौज संक्रांतीच्या सुमारास खंदकाबाहेर पडली ती लढण्याचा निर्णय झाला म्हणून, असे म्हणण्यापेक्षा दुसरा निर्णय शिल्लक नव्हता म्हणून, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो क्षुल्लक नाही. लढाई म्हणजे पत्ते नव्हेत, तेथे अब्रूचा प्रश्न असतो. पत्त्यांत पाने टाकली तर शेजारी हसतात, रणात माघार घेतली तर पिढ्यान्‌पिढ्या बोल लागतो. मल्हारराव होळकरांचेच पाहा. पानिपतच्या तिसऱ्या प्रहरी ते आपली फौज घेऊन बाहेर पडले. पुढे १७६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी दौलत सावरण्यासाठी पुष्कळ केले, तरी अडीचशे वर्षांनंतरही पानिपतची चर्चा निघाली की त्यांचे नाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निघते ते इतकेच की डाव सोडण्याची किंमत अब्रूत मोजावी लागते. ती किंमत केव्हा कमी पडते आणि केव्हा जास्त, हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय लोकांच्या बोलाचा भार पेलण्याची ताकद नाही म्हणून दुसऱ्यांचे प्राण पणाला लावावेत काय, हाही एक प्रश्न आहे. पानिपतच्या छावणीतील बायकामुलांना तो कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी जखमी होऊन, पायाने कायमचे अधू होऊन निसटलेला एक तरुण सरदार या विषयात सर्वांत जास्त शिकला असावा. महादजी शिंदे १७८४ च्या अखेरीस बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. दिल्लीची सत्ता व्यवहारतः त्यांच्या हाती आली. १७८७ मध्ये जयपूरच्या खंडणीसाठी ते लालसोटच्या बाजूस उतरले. समोर जयपूर आणि जोधपूर एकत्र आले होते, आणि बादशाही सरदार महंमद बेग हमदानी ऐनवेळी त्यांना जाऊन मिळाला होता. २८ जुलैला तुंग्याजवळ लढाई झाली. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला, राठोडांचा हल्ला परतवला गेला, मैदान कोणाकडेच गेले नाही. महादजी हरले नव्हते. त्यांच्या हाती तोफा होत्या, पद होते, बादशहाचा शिक्का होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. मध्ये एक नवे पान उघडले गेले आणि ते वाईट होते. महादजींनी दुसऱ्या लढाईची वाट पाहिली नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी तळ उठवला आणि फौज सावरून धरत डीगच्या बाजूने माघार घेतली. पुढे तर त्यांना चंबळेपलीकडे जावे लागले. तीन वर्षांत उभारलेली सत्ता काही आठवड्यांत हातची गेली. आग्र्याचा किल्ला तेवढा लखबादादाने धरून ठेवला. पुण्याची मदत येण्यास विलंब लागला. उत्तरेत शिंदे संपले, असेच त्या वेळी पाहणाऱ्याला वाटले असेल.

ही माघार फुकट पडली असे कोणी समजू नये. महादजी नाहीत हे पाहून नजीबखानाचा नातू गुलाम कादिर लाल किल्ल्यात शिरला आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने वृद्ध बादशहा शाहआलम याचे डोळे काढले. ज्याचे रक्षण करण्याची जबाबदारी महादजींनी पत्करली होती त्याला त्यांच्या डाव सोडण्याची किंमत मोजावी लागली. माघारीचे कौतुक करणाऱ्यांच्या लिखाणात ही बाब सहसा शेवटच्या ओळीत ढकललेली असते. ती मध्यभागी ठेवली पाहिजे. भारी पाने टाकताना काही तरी खरोखरच हातचे जाते, आणि ते नेहमी टाकणाऱ्याचेच जाते असेही नाही.

तरीही लालसोटला थांबून महादजींनी ते वाचवले असते काय? पलटणी फुटल्यावर उरलेली फौज त्या रानात कापली गेली असती तर शाहआलमच्या सुटकेला कोणीच आले नसते. फौज शिल्लक होती म्हणूनच जून १७८८ मध्ये आग्र्याजवळ इस्माईल बेगचा पराभव करता आला आणि ऑक्टोबरमध्ये दिल्ली परत घेता आली. गुलाम कादिर डिसेंबरमध्ये मेरठच्या बाजूला पकडला गेला. जयपूर आणि जोधपूर यांच्याशी राहिलेला हिशेब १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे पुरा झाला. त्या वेळी द बॉयनच्या नव्या कवायती पलटणी महादजींच्या हाती होत्या. लालसोटला जे पान कमी पडले होते ते त्यांनी आधी मिळवले आणि मगच ते पुन्हा खेळायला बसले.

ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्लीत शिरलेल्या मराठी फौजेचा एक सेनापती राणेखान होता. पानिपतच्या पळापळीत रक्तबंबाळ पडलेल्या महादजींना पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणणारा भिस्ती तो हाच, असे परंपरा सांगते. महादजी त्याला भाऊ म्हणत.